सभा पडद्यावर, काम गावात

प्रश्न थोडक्यात असा आहे: “आमच्या तालुक्याच्या गावातल्या रोटरी क्लबमध्ये २८ सभासद आहेत. त्यातले नऊ-दहा जण आता पुण्या-मुंबईत राहतात आणि सभेला येऊ शकत नाहीत. अध्यक्ष म्हणतात, कोविडमध्ये सगळे क्लब ऑनलाइन चालले, तसाच आपणही चालवू. ज्येष्ठांचा याला विरोध आहे. तेव्हा ऑनलाइन सभांवर क्लब खरोखर चालला होता का? चालला असेल तर कसा?”

चालला होता. पण तो सभांमुळे चालला असे मी म्हणणार नाही.

२०२०-२१ या रोटरी वर्षात (जुलै ते जून) मी आमच्या क्लबचा सचिव होतो. त्याआधीच्या मार्च ते जून या काळातही हे काम माझ्याकडेच होते, कारण तेव्हाचे सचिव मुंबईत अडकले होते. आमचा क्लब रायगडच्या दक्षिणेचा, श्रीवर्धन-म्हसळ्याच्या बाजूचा. सभासद ३४. लॉकडाऊन, निसर्ग चक्रीवादळ आणि दुसरी लाट, तिन्ही आमच्यावर सव्वा वर्षात आले. क्लब टिकला तो दोन सवयींवर. सभेतून उठताना कोणाच्या तरी नावावर एक ठरलेले काम असायचे, आणि जो सभेला आला नाही त्याला त्याच रात्री कोणाचा तरी फोन जायचा. तुमच्याकडे या दोन सवयी असतील तर ऑनलाइन सभेचा फार उपयोग होईल. नसतील तर सहा महिन्यांत पडद्यावर चार चेहरे उरतील.

आधी नियमांचे बोलून घेतो, कारण ज्येष्ठांचा विरोध बहुतेक वेळा “ही खरी सभाच नव्हे” इथून सुरू होतो. ऑनलाइन सभा कोविडने आणलेली नाही. रोटरीतला पहिला ई-क्लब, म्हणजे ऑनलाइनच भेटणारा क्लब, २००२ मध्ये सुरू झाला आणि २०१० च्या कौन्सिल ऑन लेजिस्लेशनमध्ये, म्हणजे रोटरीचे नियम ठरवणाऱ्या सभेत, अशा क्लबांना कायमची मान्यता मिळाली. पुढे २०१६ च्या कौन्सिलने सगळ्याच क्लबांना मोकळीक दिली: महिन्यात किमान दोन सभा घ्या, मग त्या समोरासमोर घ्या किंवा ऑनलाइन. २०२० चे होनोलुलूचे जागतिक अधिवेशन रद्द झाले आणि जूनमध्ये रोटरीचे पहिले ऑनलाइन अधिवेशन भरले. तेव्हा मान्यतेचा वाद घालण्यात अर्थ नाही. मात्र तुमच्या बायलॉजमध्ये, म्हणजे क्लबच्या स्वतःच्या नियमावलीत, ऑनलाइन सभा, ऑनलाइन मतदान आणि गणपूर्ती यांबद्दल स्पष्ट लिहून घ्या. आम्ही ते लिहिले नव्हते. पुढे एका खर्चाच्या ठरावावर वाद झाला तेव्हा कोणाचे मत धरायचे हेच ठरेना.

आता खरी हकीकत.

२२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू झाला आणि तीन दिवसांत देश बंद झाला. आमची गुरुवारची सभा बाजारातल्या हॉलमध्ये व्हायची. पहिली ऑनलाइन सभा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घेतली. ३४ पैकी ११ जण आले. त्यातल्या तिघांचा आवाज येत नव्हता आणि दोघांना वाटत होते की आपण दिसत नाही. झूमच्या मोफत खात्यावर ४० मिनिटांची मर्यादा होती. एक डॉक्टर सभासद बोलत असतानाच सभा तुटली. पुढच्या गुरुवारी आम्ही पैसे भरून मर्यादा काढणार होतो, पण ४० मिनिटेच ठेवायची असे मी अध्यक्षांना विनवले. त्या मर्यादेने आम्हाला शिस्त लावली. हॉलमधल्या सभेत दीड तासापैकी एक तास स्वागत, परिचय आणि आभार यांत जायचा. इथे त्याला जागाच नव्हती. पुढे मे महिन्यात गूगल मीट सर्वांसाठी मोफत खुले झाले, तरी आम्ही घड्याळ ४० मिनिटांचेच ठेवले.

एप्रिलच्या मध्यावर केंद्रीय गृह मंत्रालयाने झूम वापरताना काळजी घ्या अशी सूचना काढली आणि आमचे चार सभासद घाबरून यायचे थांबले. त्यांना समजावण्यात दोन आठवडे गेले. दर सभेला नवा पासवर्ड, वेटिंग रूम चालू, लिंक फक्त क्लबच्या ग्रुपवर आणि दुसरीकडे पाठवायची नाही, एवढे केले की पुरते. राष्ट्रगीताचीही एक अडचण आली. सगळ्यांनी एकदम म्हटले की आवाज मागेपुढे होतात आणि ऐकवत नाही. एकाने लावायचे, बाकीच्यांनी माइक बंद करून उभे राहायचे, असे ठरवले. ही गोष्ट लहान वाटेल, पण घरात एकट्याने ताठ उभ्या राहिलेल्या माणसांच्या त्या चौकोनांनी मला क्लब अजून आहे याची खात्री दिली होती.

सभेत आम्ही तीनच गोष्टी विचारत असू: कोणाला काय हवे आहे, कोण नेऊन देणार, कधीपर्यंत. उत्तरे लगेच व्हॉट्सॲपवर नावानिशी टाकायची आणि पुढच्या सभेची सुरुवात त्याच यादीने करायची. त्या वेळी आमच्या भागात सगळ्यात वाईट अवस्था वीटभट्ट्यांवर अडकलेल्या कातकरी कुटुंबांची होती. हंगाम संपत आलेला, काम थांबलेले आणि वाडीवर परतायला वाहन नाही. तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ, हळद-तिखट आणि साबण अशा पिशव्या करायच्या ठरल्या. पैसे पुण्यातल्या सभासदांनी यूपीआयने पाठवले, किराणा दुकानदार सभासदाने माल खरेदीच्या भावात दिला आणि तहसील कार्यालयाचा पास असलेल्या दोघांनी तो पोहोचवला. घरात बसलेल्यांनी काय करायचे? एकाने प्रत्येक भट्टीवरच्या मुकादमाला फोन करून माणसे मोजली. एका वहिनींनी, ज्या क्लबच्या सभासदही नव्हत्या, पिशव्यांचा हिशेब वहीत ठेवला. ज्याला काम मिळाले तो पुढच्या गुरुवारी न सांगता आला. जे फक्त ऐकायला येत होते ते गळत गेले. हे मी आकडा धरून पाहिले आहे. मे महिन्यात सभेला येणारे २३ होते आणि त्यातल्या एकोणीस जणांच्या नावावर काही ना काही काम होते.

न येणाऱ्यांसाठी आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी होते. वय ७६, साधा बटणांचा फोन. पडदा त्यांना नको होता आणि आम्ही आग्रह केला नाही. त्याऐवजी त्यांच्याकडे फोनची वही दिली. प्रत्येक सभासदाच्या नावाखाली घरचा पत्ता, घरात कोण कोण, कोणाला कोणते औषध चालू, रक्तगट, गाडी आहे का आणि शेजाऱ्याचा नंबर. ३४ नावांच्या सात साखळ्या केल्या होत्या. सभा संपली की मी गुरुजींना गैरहजर माणसे सांगायचो, ते साखळीतल्या एकाला सांगायचे आणि त्याने रात्री नऊच्या आत फोन करून गुरुजींना कळवायचे. “सभेला का आला नाहीत” असे विचारायचे नाही, “घरी सगळे बरे ना” एवढेच विचारायचे, हा गुरुजींचा नियम. एका सभासदाच्या आईचे इन्सुलिन संपल्याचे आम्हाला याच वहीतून कळले. ग्रुपवर त्याने एक अक्षर लिहिले नव्हते.

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आले. याबद्दल मी थोडे सविस्तर लिहितो, कारण ऑनलाइन क्लबची खरी परीक्षा तिथे झाली.

संध्याकाळपर्यंत वीज, मोबाइल, इंटरनेट काहीच उरले नाही. विजेचे खांब आडवे, रस्त्यांवर झाडे, घरांची कौले आणि पत्रे उडालेले. नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. ज्या श्रीवर्धनी रोठा सुपारीवर इथली कित्येक घरे उभी आहेत, तिची झाडे रांगेने मोडून पडली होती. नवी पोफळ लावून तिला सुपारी धरायला सहा-सात वर्षे लागतात. म्हणजे हे नुकसान एका हंगामाचे नव्हते. वादळाच्या दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. आमच्या सभेची लिंक कोणाकडेच उघडणार नव्हती.

तेव्हा उपयोगी पडली ती गुरुजींची वही. चौघे जण तिच्यातले पत्ते घेऊन दोन मोटारसायकलींवर निघाले. झाडे तोडत, जिथे गाडी जाईना तिथे चालत, तीन दिवसांत त्यांनी ३४ घरे पाहिली. प्रत्येक घरासमोर लिहून आणले: माणसे ठीक, छप्पर गेले किंवा अर्धे गेले, पाणी आहे की नाही. त्याच फेरीत आजूबाजूच्या वाड्यांचीही यादी झाली.

यादी बाहेर पाठवणार कशी? एक तरुण सभासद रोज दुपारी माणगावच्या दिशेने जिथे रेंज मिळेल तिथपर्यंत जायचा आणि पाच वाजता एकच एसएमएस पुण्यातल्या एका सभासदाला पाठवायचा. हे पुण्याचे सभासद दोन वर्षांपूर्वी गाव सोडल्यामुळे क्लबमधून जवळजवळ सुटले होते. एप्रिलमध्ये ऑनलाइन सभा सुरू झाल्या म्हणून पुन्हा येऊ लागले होते. त्यांनी पुण्यात बसून आमचे खरेदीचे ऑफिस चालवले. रोटरीच्या ३१३१ या डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे क्लबांच्या विभागात, पुणे आणि रायगड दोन्ही येतात, त्यामुळे तिथल्या क्लबांना फोन करणे त्यांना सोपे गेले. आलेला निरोप ते रात्री पुण्या-मुंबईच्या सभासदांच्या ऑनलाइन सभेत वाचून दाखवायचे. म्हणजे अकरा दिवस आमच्या क्लबची सभा भरत होती, पण गावातले कोणीही तिच्यात नव्हते. पहिला ट्रक ताम्हिणी घाटाने आला. त्यात ताडपत्र्या, मेणबत्त्या, सोलर दिवे, पिण्याचे पाणी आणि झाडे कापायची दोन मशीन होती. दुसऱ्या ट्रकला आम्ही कपडे आणि बिस्किटे थांबवायला सांगितली आणि पत्रे व पत्रे बसवायचे जे-हूक मागवले. पाऊस तोंडावर होता आणि बाजारात पत्रे मिळत नव्हते. कोणत्या वाडीत किती पत्रे हवेत हा आकडा आमच्याकडे होता, म्हणून ट्रकमधला माल त्याच दिवशी उतरून त्याच दिवशी वाटला गेला.

यातून तुमच्यासाठी एक ठाम सल्ला: क्लब ऑनलाइन नेण्याआधी त्याची कागदावरची वही करा. वीज गेली तरी वाचता येईल अशी. आणि बाहेरगावच्या सभासदांना “ऑनलाइन हजेरी लावणारे” समजू नका. गावात नसणे हेच त्यांचे बळ आहे. गावावर संकट आले की बाहेरून हात देणारे तेच असतात.

जुलैतला पदग्रहण समारंभ आम्ही ऑनलाइनच केला. मावळत्या अध्यक्षांनी कॉलर, म्हणजे अध्यक्षपदाची गळ्यातली माळ, सॅनिटाइज करून पिशवीत घालून नव्या अध्यक्षांच्या ओट्यावर ठेवली आणि समारंभात ती त्यांच्या आईने त्यांच्या गळ्यात घातली. मुंबई, पुणे, नागपूर आणि दुबईहून ११० जण जोडले गेले होते. हॉलमध्ये साठांच्या वर कधी आले नव्हते. हॉल आणि जेवणाचे वाचलेले पैसे ऑक्सिमीटरमध्ये घातले आणि दर तीन वाड्यांमागे एक याप्रमाणे आशाताईंकडे दिले.

दिवाळीनंतर मात्र उतरती कळा लागली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आम्हीही सगळ्यांसारखी वेबिनार भरवली होती. मोठे वक्ते घरबसल्या मिळत होते, त्याचा मोह पडला. लोक कंटाळले, आणि त्यांचे बरोबर होते. दिवसभर मुलांची शाळा त्याच मोबाइलवर, ऑफिस त्याच मोबाइलवर, आणि रात्री पुन्हा व्याख्यान. डिसेंबरपासून सभा दर आठवड्याऐवजी महिन्यातून दोनदा केली, वक्ता दोन महिन्यांतून एकच, तोही आमच्या चालू कामाशी संबंधित. उपस्थिती १२ वरून पुन्हा २० वर आली. तुम्हीही इथूनच सुरू करा.

त्या काळात रक्तदान शिबिराने आम्हाला पुन्हा एकत्र आणले. कॉलेजे बंद, कंपन्या बंद, म्हणून नेहमीची शिबिरे होत नव्हती आणि रक्तपेढ्यांना तुटवडा होता. रक्त फार तर पाच-सहा आठवडे टिकते, प्लेटलेट्स पाचच दिवस, त्यामुळे साठा करून ठेवता येत नाही, दाते सतत लागतात. आम्ही ऑनलाइन सभेतच दात्यांना पंधरा-पंधरा मिनिटांच्या वेळा वाटून दिल्या. गर्दी झाली नाही, कोणी ताटकळले नाही. ही पद्धत अजून चालू आहे.

पैशाबद्दल थोडे, कारण ऑनलाइन क्लबात संशय लवकर वाढतो. खजिनदार दर महिन्याच्या पहिल्या सभेत बँकेचे स्टेटमेंट पडद्यावर दाखवायचे, ओळ न ओळ. देणगीदारांना दोन गोष्टी आधीच सांगा. आयकरातली ८०जी ची सवलत वस्तूंच्या देणगीला मिळत नाही, आणि रोख रक्कम दोन हजारांच्या वर असेल तर तिलाही मिळत नाही. परदेशातल्या गाववाल्यांबाबत जास्त जपा. वादळानंतर अमेरिकेतून आणि आखातातून बरेच जण पैसे पाठवायला तयार होते. ज्यांचा पासपोर्ट भारतीय आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी चालते. ज्यांनी परदेशाचे नागरिकत्व घेतले आहे त्यांची देणगी मात्र, ते मूळचे आपल्याच आळीतले असले तरी, विदेशी देणगी ठरते आणि एफसीआरए या विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय घेता येत नाही. आम्ही दोन मोठ्या देणग्या याच कारणाने परत केल्या. वाईट वाटले, पण केल्या.

एप्रिल २०२१. दुसऱ्या लाटेत आम्ही पाच ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारी विजेवरची यंत्रे, मिळवले, मिनिटाला पाच लिटरचे. कोणाच्या घरी यंत्र आहे, कधी मोकळे होणार, पुढचा कोण, हे तीन सभासद आळीपाळीने दिवसरात्र फोनवर पाहत. डॉक्टरांची चिठ्ठी असल्याशिवाय यंत्र द्यायचे नाही आणि घरात इन्व्हर्टर आहे का हे आधी विचारायचे. वीज गेली की यंत्र बंद, हे घाबरलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. ज्याची प्रकृती जास्त बिघडलेली आहे त्याला या यंत्राच्या भरवशावर घरी ठेवायचे नाही, हे आमचे डॉक्टर सभासद प्रत्येक घरी स्वतः फोन करून सांगत. ओळखीच्या माणसासाठी रांग मोडायची नाही असे सभेत ठरले होते. माझ्या चुलतभावासाठी फोन आला तेव्हाही रांग मोडली नाही. तो वाचला, पण ती रात्र मी विसरलेलो नाही.

मे महिन्यात आमचे एक सभासद गेले. वय ५२. वादळानंतर मोटारसायकलवर वही घेऊन फिरलेल्या चौघांपैकी एक. अंत्यसंस्काराला घरचेसुद्धा नीट जाऊ शकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आम्ही ऑनलाइन शोकसभा घेतली. त्या सभेला ४० मिनिटांचे घड्याळ नव्हते, सूत्रसंचालक नव्हता, भाषणे नव्हती. ज्याला बोलायचे त्याने माइक उघडावा, एवढेच सांगितले होते. त्यांच्या पत्नी आणि मुलगी जोडल्या होत्या. बराच वेळ कोणी बोललेच नाही आणि कोणी उठूनही गेले नाही. मग एकाने त्यांची वादळातली गोष्ट सांगितली, मग दुसऱ्याने. दोन तास झाले. वहिनी पुढे मला म्हणाल्या, “भाऊ, घरात कोणी येऊ शकत नव्हतं, पण त्या दिवशी सगळे येऊन गेले.” ऑनलाइन सभेविरुद्ध कोणी बोलू लागले की मला ती संध्याकाळ आठवते. तुमच्यावर अशी वेळ येऊ नये. आली तर कार्यक्रमपत्रिका करू नका.

आता तुमच्या २८ जणांविषयी. सगळी सभा ऑनलाइन करू नका. महामारीत दुसरा मार्ग नव्हता, तुम्हाला आहे. गावातले हॉलमध्ये बसू देत, बाहेरचे पडद्यावर, पण मधोमध एक चांगला माइक ठेवा आणि पडद्यावरच्यांकडे लक्ष द्यायला एक माणूस नेमा. त्याने दुसरे काही करायचे नाही. नाहीतर हॉलमधले आपसात हसतात आणि पुण्याचा सभासद छताकडे रोखलेला कॅमेरा बघत बसतो. तो तिसऱ्या सभेला येणार नाही. बोलायची पहिली पाळी बाहेरच्यांना द्या. आणि ज्या ज्येष्ठांना पडदा नको आहे त्यांच्या मागे लागू नका. त्यांना पहिल्याच सभेत काहीतरी सोपवा.

आमच्या गुरुजींनी शेवटपर्यंत झूम उघडले नाही. वही त्यांच्याकडे तीन वर्षे होती. आता १ जुलैला कॉलरबरोबर ती वहीही नव्या अध्यक्षांच्या हातात देतात. पहिल्या पानावर अजून त्यांच्याच अक्षरात लिहिलेले आहे: “प्रथम विचारावे, घरी सगळे बरे ना.”